सर्व मजकुरासह

कबुली देणार : वामन सीताराम खोब्रागडे, वय बावन्न, शिक्षण नववी, व्यवसाय अर्जनवीस, राहणार हुडको, भिलाई. जिच्यावर अन्याय झाला ती : ज्योत्स्ना शामराव रामटेके, रेल्वेत नोकरीस, राहणार चरोदा. दुसरी : कौसल्याबाई गजभिये, राहणार उतई. घटनेची वेळ : विधानसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागली त्यानंतरचा दुसरा आठवडा, मंगळवार, आणि त्यापुढचा सोमवार. साक्षीदार : कोणी नाही.

साक्षीदार नव्हता, म्हणूनच ही गोष्ट इतकी वर्षे टिकली. मी ती आजवर कोणालाही सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. माझे आयुष्य हिंदीत अर्ज लिहिण्यात गेले. झेरॉक्सच्या दुकानाशेजारी माझे टेबल आहे, आणि पोलादाच्या प्लांटमधून निवृत्त झालेल्या माणसांपासून विधवांपर्यंत सगळे तिथे येतात, कारण माझ्या अर्जाला कार्यालयातून उत्तर येते अशी ख्याती आहे. ती ख्याती खोटी नाही, हे मला नम्रपणे नमूद करावेसे वाटते. पण हा कागद मराठीत लिहितो आहे. मराठी आम्ही घरात बोलतो, आणि हा कागद कुठेही दाखल व्हायचा नाही.

ज्योत्स्नाने एक संकेतस्थळ काढले होते. आमचे आईबाप भंडारा-गोंदियाकडून प्लांटच्या आणि रेल्वेच्या नोकरीला इकडे आले, तेव्हा त्यांनी क्वार्टरांच्या अंगणांत म्हटलेली भीमगीते, लग्नातली गाणी, पाळणे — जुन्या कॅसेटींवर जे जे होते ते तिने घरोघरी फिरून गोळा केले आणि त्या संकेतस्थळावर ठेवले. कॅसेटींवर नावे नव्हती. कोण गाते, पेटी कोणाची, मागे रडणारे मूल कोणाचे — काहीच माहीत नव्हते. म्हणून तिने प्रत्येक गाण्याखाली चर्चेसाठी जागा ठेवली. लोक ऐकत आणि लिहीत. एका गाण्यात दुसऱ्या कडव्याआधी एक बाई खोकते. उतईच्या कौसल्याबाईंनी खाली लिहिले, "हा खोकला माह्या मायचा आहे. सगुणाबाई तिचं नाव." अशी एकेक करून शंभराच्या वर नावे जमली. ती दुसरीकडे कुठेच लिहिलेली नव्हती.

मग निवडणूक आली. लोक गाण्यांखाली नळाविषयी लिहू लागले, नालीविषयी, क्वार्टर खाली करण्याच्या नोटिशीविषयी. सगळ्याच पक्षांना शिव्या पडत होत्या. ज्योत्स्ना सरकारी नोकरीतली. तिला धास्ती वाटली. तिने सर्वांना विचारले : गाण्याच्या जागी राजकारणाची चर्चा निवडणुकीपुरती बंद ठेवावी का? आपापले मत लिहा.

मत लिहा, असे म्हटल्यावर मी गप्प राहणार का? मी बावीस कलमांची नियमावली लिहिली. दोन दिवस लागले. संगीताचे पावित्र्य, निवडणूक काळातील संयम, उल्लंघनाबद्दल कारवाई — सारे त्यात होते. मला वाटले, ज्योत्स्ना ती पहिल्या पानावर लावील.

त्याखाली कौसल्याबाईंनी लिहिले. या बाई प्लांटच्या कँटीनमध्ये तीस वर्षे पोळ्या लाटून निवृत्त झालेल्या. "वामनभाऊ, गाण्यात पाणी मागतलं त चालते, अन नळ मागतला त राजकारण? कावून?" आणि त्याखाली पुन्हा : "तुमचं बावीस कलमांचं गाणं कोणत्या चालीत म्हणाचं, तेही सांगून द्या."

लोक हसले. हसरे चेहरे मोजले मी — एक्केचाळीस. त्यांत माझ्या सख्ख्या साळ्याचा एक.

आता विचार करतो तेव्हा वाटते, प्रश्न चांगला होता. आमच्या गाण्यांतून राजकारण काढले तर उरते काय? आणि दुसरीकडे, नोकरीतल्या बाईच्या नावावर चालणाऱ्या जागेत उमेदवारांची नावे घेतली तर तिची नोकरी धोक्यात येत नाही का? दोन्ही बाजूंना वजन होते. चार माणसांनी बसून बोलायची गोष्ट होती ती. पण मला उत्तर सुचले नाही. आणि उत्तर सुचले नाही म्हणून मी — सरळच लिहितो — मी तक्रार केली.

त्या मंगळवारी मी चर्चेतला शब्द न् शब्द वाचून काढला. तीन वाक्ये निवडली. एकाने लिहिले होते, "या खेपेसही त्यांनाच निवडून आणा, अन पाच वर्षं कोरड्या नळाकडं पाहत बसा." मी स्वल्पविरामाजवळ कापले. "या खेपेसही त्यांनाच निवडून आणा" एवढे ठेवले. उरलेली दोन वाक्येही अशीच कापली. मग 'एक जागरूक नागरिक' या नावाने, उत्तम हिंदीत, निवडणुकीच्या कार्यालयाला लिहिले की संगीताच्या आडून एक शासकीय कर्मचारी प्रचार चालवीत आहे. खाली प्रतिलिपी लिहिल्या. अर्जाला वजन यावे म्हणून मी नेहमी पाच ठिकाणी प्रतिलिपी पाठवितो. हाताला ती सवयच आहे. पाचांपैकी एक तिच्या खात्याची होती. तिच्या नोकरीचा विचार तेव्हा माझ्या मनात आला का? आला नाही. कागद भरला की नाही, एवढेच मी पाहिले. एवढे सहज?

सोमवारी ज्योत्स्ना माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

वाटले, कळले हिला. पण तिने पिशवीतून नोटीस काढली, दोन दिवसांत खुलासा मागणारी, आणि तिच्यासोबत तक्रारीची झेरॉक्स. माझा कागद. माझे परिच्छेद, माझे 'अत्यंत खेदपूर्वक'. ती म्हणाली, "काका, मले मोठ्या साहेबानं बोलावलं. नोकरी जाते का काय, समजून नाही राहिलं. जवाब तुम्हीच लिहा. दुसऱ्या कोणावर माहा भरोसा नाही." आणि त्या झेरॉक्सवर बोट ठेवून म्हणाली, "लिहिणारा लय हुशार दिसते, काका. तुमच्यासारखाच."

ते तिने टोमणा म्हणून म्हटले की भोळेपणाने, मला आजही ठाऊक नाही. पण त्या क्षणी मला प्रथम काय वाटले ते ऐका. भीती नाही. लाज नाही. मला बरे वाटले! कोणीतरी माझ्या लिखाणाची तारीफ केली म्हणून माझी छाती भरून आली. समोर एक मुलगी नोकरी जाईल या धास्तीने नोटीस धरून उभी आहे, आणि मी मनात म्हणतो आहे की दुसरा परिच्छेद खरोखरच जमला होता. त्या क्षणाची आठवण येते तेव्हा मी स्वतःकडे परक्या माणसाकडे पाहावे तसा पाहतो. हा कोण? हा माझ्या खुर्चीवर कधीपासून बसला आहे?

पुढे जे झाले ते याहून वाईट आहे.

त्या तक्रारीला उत्तर देणे अगदी सोपे होते. पूर्ण चर्चा जशीच्या तशी छापून जोडायची, कापलेली वाक्ये पूर्ण दाखवायची, की तक्रार जागच्या जागी पडली असती. हे माझ्याइतके कोणाला ठाऊक होते? अर्धे पान पुरले असते. मी लेखणी हातात घेतली, आणि माझ्याने होईना. पकडला जाईन ही भीती होती, नाही म्हणत नाही. पण तिच्याखाली आणखी एक गोष्ट होती. मी लिहिलेला अर्ज माझ्याच उत्तराने हरावा, हे मला सहन होत नव्हते. एवढेच. मी माझा कागद जिंकू दिला.

मी माफीनामा लिहिला. बिनशर्त. तिने सावकाश वाचला आणि विचारले, "आपण त काहीच केलं नाही काका, मंग माफी कावून?"

मी म्हणालो, "कागदाची भाषा वेगळी असते, ज्योत्स्ना. तुला समजणार नाही."

माफीनाम्याचे शेवटचे वाक्य हिंदीत होते, मराठीत सांगायचे तर, "सदर संकेतस्थळावरील चर्चा विभाग त्यातील सर्व मजकुरासह कायमस्वरूपी नष्ट करण्यात येत आहे." नुसते 'बंद ठेवण्यात येत आहे' चालले असते. पण 'सर्व मजकुरासह' असे लिहिले की वाक्य भारदस्त होते. मी कैक वर्षे ते शब्द वापरत आलो आहे, अतिक्रमणाच्या अर्जांत, भाडेकरूंच्या अर्जांत. ते हातातून आपोआप उतरले.

ती प्रामाणिक मुलगी. सही केली, माझ्या टेबलावरचा तारखेचा शिक्का मारला, आणि तिथेच स्टुलावर बसून मोबाइल काढला. मग थांबली. "सर्व मजकुरासह म्हणजे... नावंही?"

माझ्यापुढे एक पान होते. ते पान बदलायला दहा मिनिटे लागली असती. पण त्यावर शिक्का बसला होता, आणि माझ्या हातचे वाक्य चुकले असे तिच्यासमोर कबूल करावे लागले असते. मी म्हणालो, "लिहिलं आहे तसं करावं लागेल."

तिने तसे केले. माझ्या टेबलावर, माझ्या डोळ्यांसमोर. तिचे बोट मी पाहिले. नावे उतरवून ठेवण्याचे तिला घाबरेपणी सुचले नाही, आणि मला सुचले होते. मी गप्प बसलो.

कार्यालयाने प्रकरण बंद केले. नोकरी राहिली. ज्योत्स्नाने माझ्या बायकोसाठी साडी आणली; बायकोने ती दोन लग्नांत नेसली.

पुढच्या महिन्यात कौसल्याबाई उतईहून दोन बसा बदलून हुडकोला आल्या. ज्योत्स्नाकडे नाही, माझ्याकडे. कारण मी कागदाचा माणूस. "भाऊ, माह्या मायचं नाव कुठं गेलं? सरकारनं खोडलं का? अर्ज करता येते का?" मी म्हणालो, वेळ निघून गेली आहे, आणि ते नाव पुन्हा लिहिले तर ज्योत्स्नाला पुन्हा नोटीस येईल. चहा पाजला. त्या म्हणाल्या, "तुमची थट्टा केली होती मी, मनात नका ठेवू." मी म्हणालो, मनात काही नाही.

हे खोटे मी किती सहज बोललो!

ज्योत्स्नाने नंतर लोकांना पुन्हा नावे विचारली. बारा-पंधरा लोकांनी सांगितली असती; पण कोणी लिहिले नाही. एकदा नोटीस आली की आमची माणसे लिहीत नाहीत. सगळ्यांच्या घरी नोकरी आहे. मला स्वतःला, त्या मंगळवारी वाचल्यामुळे, चार नावे आठवतात : सगुणाबाई, पेटीवर तुळशीराम, पाळणा म्हणणारी भागरथा, आणि तिच्यामागे कोरस धरणारी ठमी. ही चार मी ज्योत्स्नाला सांगू शकलो असतो. पण गाण्यांखालची चर्चा मी कधी वाचलीच नाही, असे मी तिला त्या सोमवारीच सांगून बसलो होतो. इतक्या वर्षांत कौसल्याबाईंसाठी एक नावही माझ्या तोंडातून निघाले नाही. उरलेली शंभर तर मी लक्षात ठेवण्यासाठी वाचलीच नव्हती.

यापुढे विनंती लिहिण्याची रीत आहे. मला काही मागायचे नाही.

संकेतस्थळ अजून चालू आहे. गाणी आहेत, खोकलाही आहे. प्रत्येक गाण्याखाली 'गायिका : माहीत नाही' असे लिहिले आहे. फक्त पहिल्या पानावर, सर्वांत खाली, ज्योत्स्नाने एक ओळ ठेवली आहे : संकटात मदतीला धावून आलेले वामनकाका खोब्रागडे यांचे आभार. एवढ्या सगळ्या आवाजांत आज तेवढे एकच नाव आहे.