जानकूचा मोटरवाला

‘माननीय व्यासपीठ आणि उपस्थित पालकबंधूंनो!’ हे माझे शब्द भर दुपारी जानकूच्या पोल्ट्रीत घुमले आणि दोन हजार कोंबड्या उठून शेडच्या एकाच कोपऱ्याकडे पळाल्या. मी तर दारात तोंड मिटून उभा होतो. बोलत होता तो टेपरेकॉर्डर.

चूक माझीच. शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या भाषणाची तालीम करावी म्हणून आदल्या दिवशी मी जानकूचा टेप मागून नेला. आत कॅसेट आहे एवढं पाहिलं, ती कसली आहे ते पाहिलं नाही, आणि रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबून पाऊण तास बोललो. आज टेप परत आणून दिल्यावर जानकूनं तीच कॅसेट लावली होती. जानकूनं झडप घालून टेप बंद केला, कोपऱ्यात शिरला आणि हातांनी कोंबड्या अलगद पांगवू लागला. घाबरलेल्या कोंबड्या एकीवर एक चढतात आणि खालच्या गुदमरून मरतात.

“मोटरवाला पुसला तुमी,” तो तिकडूनच म्हणाला. आवाज चढवला नाही. कोंबड्यांसमोर तो कधीच चढवत नसे.

हा मोटरवाला कोण, ते सांगायला हवं. आमच्या लोणीत पोल्ट्रीवाले शेडात रेडिओ लावून ठेवतात. पाखराला आवाजाची सवय राहते. जानकूला ते पटायचं नाही. “मधीच बाई बातम्या सांगती, मधीच तुतारी वाजती. पाखरानं काय धरून बसायचं?” मग दोन वर्षांपूर्वी, शहाण्णव साली, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर कामाला आलेल्या एका इंजिनिअरची जीप शेडापुढं पंक्चर झाली. टायर बदलेपर्यंत त्याच्या जीपमध्ये एक कॅसेट वाजत होती. गाणं नाही, शब्द नाही. खालून एक संथ ठोका आणि वरून धुक्यासारखा पसरत जाणारा सूर. जानकूनं पाहिलं, जाळीपाशी कोंबड्या पाय दुमडून बसल्या होत्या. त्यानं दोन डझन अंडी दिली आणि कॅसेट ठेवून घेतली.

या संगीताला ॲम्बियंट टेक्नो म्हणतात आणि विलायतेत एकेक जण घरच्या खोलीत एकटा, विजेच्या यंत्रांवर ते तयार करतो, असं इंजिनिअरनं सांगितलं होतं. नावं कुणाचीच लिहिलेली नव्हती, म्हणून जानकूनं आपणच ठेवली. लांबच्या विहिरीवर मोटर चालावी तसं ज्याचं वाजे, तो मोटरवाला. दुसरा पत्र्यावरच्या पावसाचा. तिसऱ्याला तो ‘मुक्कामाची एसटी’ म्हणे, कारण त्याचं सुरू झालं की कधी पोचणार ते कळत नसे.

“ह्यो मोटरवाला कोंबड्या पाळत असणार,” तो मला एकदा म्हणाला होता.

“विलायतेत?”

“मग? एकट्यानं बसून, काय बी न दचकवता एवढा वेळ वाजवायचं मंजी त्याला कुनाची तरी झोप सांभाळायची सवय हाय.”

संगीताबद्दल याहून शहाणं वाक्य मी ऐकलेलं नाही. आणि नेमका तोच मोटरवाला मी माझ्या भाषणाखाली गाडला होता. कॅसेटची दुसरी बाजू कोरी.

त्यात त्या दिवशी शेजारच्या चांगदेवच्या पोराचं लग्न. चार वाजता नवरदेव घोड्यावरून मारुतीला जाणार, पुढं बँड, आणि रस्ता शेडाला लागूनच.

“चांगदेवला सांगतो, इथं बँड थांबव म्हणून,” मी म्हणालो.

“पोराच्या लग्नात? त्यापरीस कोंबड्यान्ला सांगा.”

तेवढ्यात जानकूची बायको सोनीबाई पुढं झाली. तिनं सुपात मका घेतला आणि हळूहळू हलवू लागली. सर्रर्र, सर्रर्र. “पत्र्यावरचा झाला,” ती म्हणाली. “आता तुमी दोघं काय करताय ते बगा.”

जानकूनं खाद्याचं रिकामं पिंप उपडं घातलं आणि मुठीनं ठोका धरला. मग दोघांनी माझ्याकडं पाहिलं.

“गुरुजी, ऊं करा. खालच्या पट्टीत. आन् भाषण नगं.”

मी ऊं केलं. कोपऱ्यावर बँड आला तशी पहिल्या रांगेनं मान वर काढली. जानकूचा ठोका ना वाढला, ना कमी झाला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. बाहेर ताशा कडाडला. दोन-चार कोंबड्या उठल्या. मी दम न सोडता ऊं ओढत राहिलो, सोनीबाईचं सूप चालू होतं. एक कोंबडी उभी राहून विचार करत राहिली आणि पुन्हा भुशात बसली. तिच्यामागून बाकीच्याही बसल्या.

बँड मारुतीपाशी पोचून थांबला तेव्हा कुठं जानकूनं मूठ उघडली. ती लालबुंद झाली होती. त्यानं चारी कोपरे पाहून घेतले, एक कोंबडी हलकेच उचलून बाजूला ठेवली आणि दारात येऊन बसकण मारली.

“एक बी न्हाई गेली,” तो म्हणाला, आणि सोनीबाई पदरानं डोळे पुसत हसू लागली. मीही पिंपावरच बसलो.

जीव भांड्यात पडला की माणसाला मोठेपणा सुचतो. घसा खाकरून मी विचारलं, “जानकू, मग आता मीही त्या मोटरवाल्याच्या पंगतीतला कलाकार झालो म्हणायचं ना?”

“आधी क्यासेट बगून बटन दाबायला शिका, गुरुजी.”