कुंदाताईंची देवयानी

आमच्या काळाचौकीच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर दिवेलागण झाली की थोड्या वेळाने एक हाळी यायची, "बत्ती घालवा रे, मी आले!" की गॅलरीतले सगळे दिवे बंद. एखादा नवा पाहुणा अंधारात चपला चाचपडत राहायचा आणि कोणीतरी त्याला सांगायचं, "कुंदाताई फोटो काढतायत. जरा दम धरा." स्टँडवर कॅमेरा, आणि त्याचा रोख समोरच्या टॉवरच्या डोक्यावरून दिसणाऱ्या वीतभर आकाशावर.

कुंदाताई शाळेच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. लग्नाचे फोटो काढणाऱ्या भाच्याचा जुना कॅमेरा त्यांनी साध्या लेन्ससकट घेतला होता. "दुर्बीण घ्या की," कोणी म्हटलं तर उत्तर तयार असे, "घेईन. ठेवू कुठे, मोरीत?" मुंबईच्या उजेडात एका फोटोत काही उमटत नाही, म्हणून त्या एकाच जागेचे ढीगभर फोटो काढून कॉम्प्युटरवर एकावर एक चढवत. "वर्गाच्या फोटोसारखं असतं गो. एकदाच काढला तर पुढच्या रांगेतल्याच दिसतात. काढत राहिलं की मागच्या बाकावरची लाजरीपण तोंड वर काढते."

मी नवऱ्याचं घर सोडून आईकडे परत आले, तेव्हा अख्ख्या मजल्याला माझ्याशी काहीतरी बोलायचं होतं. त्या अंधारात मात्र कोणाला कोणाचं तोंड दिसत नसे, म्हणून मी तेवढ्यात गॅलरीत येऊन रडून घेई. कुंदाताईंनी एकदाही काही विचारलं नाही. एक दिवस हातात कॅमेऱ्याचं रिमोट दिलं. "रिकामी उभी आहेस तर हे दाब. दर वेळी मनात पाच म्हण." त्या पाच आकड्यांनी मला ते दिवस तारून नेले. पुढे मी हे त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, "बरं झालं. माझा पण अंगठा दुखायचा."

त्यांना हवी होती देवयानी. आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची, अंधारात नुसत्या डोळ्यांनी दिसणारी दीर्घिका. ती गावच्या सड्यावरूनच, त्या दिवे नसलेल्या उघड्या कातळावरूनच मिळेल, हे त्यांना ठाऊक होतं. पण आम्ही चाकरमानी गावी जाणार गणपतीला नाहीतर शिमग्याला. गणपतीत ढग हटले नाहीत. शिमग्याला कॅमेरा घेऊन गेल्या तर डोक्यावर लख्ख चंद्र! "जन्मभर होळीला पोळ्या लाटल्या आणि पुनव असते हे विसरले," असं चाळभर सांगत स्वतःच हसल्या.

त्याच वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, नजरेचा मधला भाग जातोय आणि तो परत यायचा नाही. "कडेचं दिसत राहील म्हणे," त्या मला म्हणाल्या, "पण फोकस मधोमध करायचा असतो ना." मग दिवाळीच्या अमावास्येला आम्ही दोघींनी गाव गाठलं. ऐन सणाला घर सोडलं म्हणून आईने नाक मुरडलं.

लक्ष्मीपूजन उरकून सड्यावर गेलो. दव पडत होतं. लेन्सवर वाफ धरू नये म्हणून कुंदाताईंनी मोज्यात गरम तांदूळ भरून तो लेन्सभोवती गुंडाळला. मग कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा तारा बघायला वाकल्या, आणि बराच वेळ तशाच वाकलेल्या राहिल्या.

"मधी काय्येक दिसणा नाय गो," त्या म्हणाल्या. "तू कर."

मी लेन्सची रिंग हळूहळू फिरवून तारा टाचणीच्या टोकाएवढा केला. बटण मात्र शेवटपर्यंत त्यांनीच दाबलं.

"नुसत्या डोळ्यांनी कुठेय ती? मला नाही दिसत," मी विचारलं.

"तिच्याकडे बघू नको. जरा बाजूला बघ. मंद गोष्ट डोळ्याच्या कडेलाच दिसते."

मी नजर सरकवली आणि कडेला एक पुसट, लांबट ठिपका वर आला. तेवढ्यात कुंदाताईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"अगो, मला पण दिसतेय," त्या म्हणाल्या. "जेवढा डोळा उरलाय ना, तेवढ्याला दिसतेय!"

फोटोतही देवयानी आली, तांदळाच्या दाण्याएवढी. तो फोटो आमच्या घरी भिंतीवर आहे.

कुंदाताई आता घोडपदेवला भाच्याकडे असतात. मधली नजर पूर्ण गेली. परवा भेटायला गेले, तर त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. माझ्या कानाशेजारी भिंतीवर नजर ठेवून त्या थोडा वेळ थांबल्या, आणि हसल्या.

"दिसलीस गो," म्हणाल्या. "बारीक झालीस. जेवतेस ना नीट?"