तापीत सोडलेल्या तिसऱ्या

जळगावात बसून समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करते म्हटलं की लोक हसायचे. हसा बापडे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मला प्राणिशास्त्र शिकवायची नोकरी मिळाली ती जळगावच्या कॉलेजात, आणि पीएचडीचा विषय हाती होता आमच्या कोकणातल्या खाडीचा. खाडीच्या तोंडाशी रसायनांचा कारखाना आला होता. त्याच्या सांडपाण्यातलं तांबं तिसऱ्यांच्या अंगात किती मुरतं आणि त्या किती तग धरतात, हे मला बघायचं होतं. तिसऱ्या म्हणजे लहान शिंपल्या. आमच्याकडे त्यांचं कालवण करतात, इथे नुसतं वर्णन ऐकून लोकांना मळमळायचं.

कारखान्यापासून लांबच्या स्वच्छ पाण्यातल्या तिसऱ्या ओल्या गोणपाटात गुंडाळायच्या, समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरायचं आणि एसटीने जळगाव गाठायचं, असा माझा उद्योग. एकदा कंडक्टर म्हणाला, बाई, हा वास खाली उतरवा. मी म्हटलं, आधी तुमच्या ड्रायव्हरची बिडी उतरवा. नाशिकपर्यंत आमचं बोलणं नव्हतं.

मी राहायचे अक्काकडे, भाड्याच्या खोलीत. अक्का मूळची असोद्याची, नवरा नाही, मुलगा सुरतेला. घरात अंडंसुद्धा चालत नसे. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत प्रयोगशाळेला कुलूप लागलं आणि मी तिसऱ्यांचा टब खोलीवर आणला, तेव्हा ती दारात आडवी उभी राहिली. हे खायचं नाही, अभ्यासाचं आहे, असं शपथेवर सांगितल्यावर बाजूला झाली. सुट्टीनंतर त्यांना तांब्याच्या पाण्यात घालायचंय, हे मी सांगितलं नाही. त्या सुट्टीभर जगल्या तर माझा प्रयोग पुरा होणार होता, नाहीतर पदवी लांबणार होती.

दुसरी गोष्टही मी अक्काला सांगितली नव्हती. ती येता-जाता विचारायची, माय कशी आहे? मी म्हणायचे, बरी आहे. आई वैशाखातच गेली होती आणि मी जूनमध्ये जळगावला आले. अक्काने पहिल्यांदा विचारलं तेव्हा रडू फुटेल म्हणून बरी आहे म्हटलं. एकदा बरी आहे म्हटल्यावर तिला मारायची कशी? गावच्या घराला कुलूप होतं. मागच्या खेपेला मी तिसऱ्या गोळा केल्या आणि वर घराकडे न बघता तशीच एसटी पकडली. दिवाळीला घरी जाणार ना, असं कुणी विचारलं की माझं उत्तर तयार असे, यांचं पाणी कोण बदलणार?

फार एकटं वाटायचं. संध्याकाळी मी टबाशी बसून तिसऱ्यांशी आमच्या गावच्या बोलीत बोलायचे. त्या शिंपा किलकिल्या करून नळ्या बाहेर काढत आणि पाणी ओढत, तेव्हा घरात आणखी कुणीतरी आहे असं वाटायचं. वेडेपणाच, पण तेवढाच आधार होता.

वसुबारसेला टबात हवा सोडणारा पंप बंद पडला. तो दुरुस्त करून घ्यायला मी भुसावळला गेले. दुपारी परत येते तर टब रिकामा, नुसतं पाणी. अक्का ओट्यावर बसली होती, लुगड्याचा काठ ओला. शेजारी फडक्यात बांधलेलं मोठं गाठोडं. मी ओरडलेच, कुठे गेल्या म्हणून.

ती शांतपणे म्हणाली, "तापीत सोडून आली मी त्यायले. तापी समुद्राले मियते ना? जातीन आपल्या घरी. आता तू बी जाय. दिवाईले माय वाट पाहत असीन."

यावलच्या बसने, तिसऱ्यांचा पितळी डबा मांडीवर घेऊन, मुक्या जिवांच्या सणाला ती मुद्दाम तापीच्या पुलाखाली जाऊन आली होती. माझ्यासाठी. आणि गाठोड्यात माझ्या आईसाठी शेव, लाडू आणि केळ्याचे वेफर होते. माझा राग टाळूपर्यंत चढला होता, पण गाठोड्याकडे बघून तो कुठे गेला कळलं नाही. मी तिच्या शेजारी ओट्यावर बसले.

"अक्का, आई नाही गं. वैशाखातच गेली."

तिने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता खोटेपणाबद्दल बोलणी बसणार. ती उठली. गाठोडं उचलून आत घेऊन गेली.

नरक चतुर्दशीला पहाटे दार वाजलं. अक्का तेलाची वाटी घेऊन उभी. बस पाटावर, एवढंच म्हणाली. त्या वर्षी डोक्याला कुणी तेल लावेल असं माझ्या मनातही नव्हतं. तिचे हात खरखरीत होते आणि ती जरा जोरातच चोळत होती. पदवी लांबणार, पुन्हा खाडीवर जावं लागणार, या वेळी घराचं कुलूपही उघडावं लागणार, हे सगळं मला दिसत होतं आणि त्याची भीती वाटत होती.

तिसऱ्या गोड्या पाण्यात जगत नाहीत. शिंपा घट्ट मिटून थोडे दिवस तग धरतात, मग उघडतात आणि संपतात. समुद्र तिथून कितीतरी लांब.

चोळता चोळता अक्का थांबली आणि म्हणाली, "पोचले असतीन का वं ते?"

मी म्हटलं, "पोचल्या असतील, अक्का. बऱ्या असतील."