परक्या नदीला आवतण

माझे वडील, आबा, माहूरच्या देवीचे गोंधळी. मी लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो आणि सुट्टी लागली की त्यांच्या संबळामागं तुणतुणं घेऊन उभा राहतो. 'सर' आणि 'गोंधळ्याचा पोरगा' ही दोन्ही बिरुदं मला आता सारखीच आवडतात. पूर्वी पहिलंच आवडायचं, हे कबूल करतो.

एकदा सरकारनं आम्हाला एका थंड देशात पाठवलं. तिथल्या लोकांशी आपल्या देशाचं नातं घट्ट व्हावं म्हणून कार्यक्रम होता. सोबतच्या अधिकारीबाईंनी आम्हाला आठ मिनिटं दिली आणि सुरुवातीचं देवांना बोलावणं गाळायला सांगितलं. प्रेक्षकांना त्यातलं काय कळणार, असं त्यांचं म्हणणं. मी शहाण्यासारखी लगेच मान डोलावली.

आबांनी संबळ खाली ठेवला. "आवतणाशिवाय गोंधळ उभा ऱ्हात न्हाई. जमत नसंल तर न वाजवता माघारी जातो."

न वाजवता परतलो असतो तर आमच्यातल्या कुणाला पुन्हा कोण बोलावणार होतं? मी हातापाया पडलो. मग ते जरा नरमले.

"बाकीचे देव थोडक्यात बोलावतो. पण ज्या गावात उभं ऱ्हायचं, तिथल्या देवीला आधी हाक मारावी लागती. हितली कोण हाय, इचार."

मी तिथल्या दुभाषी बाईंना विचारलं. त्या गोंधळल्या. देवी अशी नाही, म्हणाल्या, पण गावातून वाहणाऱ्या नदीला आम्ही सगळे आई म्हणतो. आबांनी त्यांच्याकडून ते नाव जिभेवर बसेपर्यंत घोकून घेतलं.

पडदा उघडला तेव्हा समोरची मंडळी मांडीवर हात ठेवून सभ्यपणे बसली होती. संबळ कडाडला आणि आबांनी पहिली हाक त्या नदीला दिली. मग माहूर, मग तुळजापूर. मागच्या रांगेतली एक म्हातारी उठली आणि तिनं नदीचं नाव मोठ्यानं घेतलं. मग सगळ्यांनीच घेतलं. आबा दरवेळी संबळावर जबाब देत होते. आठ मिनिटं कधीच उलटून गेली होती, पण अधिकारीबाई घड्याळाकडं बघायच्या थांबल्या होत्या. हा माझा बाप आहे, असं तिथं ओरडून सांगावंसं वाटलं मला.

नंतर अधिकारीबाईंनी विचारलं, "बुवा, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"त्यात शिकवायचं काय? दुसऱ्याच्या अंगणात जायचं तर घरच्या थोरलीला इचारूनच जावं लागतंय."

परवा अर्धापूरला एका केळीवाल्या शेतकऱ्याच्या घरी लग्नाचा गोंधळ होता. आबांनी गावदेवीला हाक मारली आणि लगेच त्या नदीला. वऱ्हाडी एकमेकांची तोंडं बघायला लागले. माहूरच्याही आधी तिचा नंबर का, हे मी नंतर आबांना विचारलं.

"लई लांबून यायचंय तिला," आबा म्हणाले. "उशिरा बोलावली तर पोचंल कवा?"