टेबलाखालचं रोहणा स्टेशन

सुताराकडे आज शिजत्या सरसाचा वास आला आणि मी मनाने पुन्हा शाळेतल्या त्या टेबलाखाली जाऊन बसलो. पन्नासच्या दशकात, तरुण मास्तर असताना, मी शाळेशेजारच्या रोहणा स्टेशनची छोटी लाकडी प्रतिकृती सरसाने चिकटवून केली होती. ती पाहुण्यांना दाखवायच्या समारंभात तिच्यावरची गाडी टेबलाखालून दोऱ्याने ओढायला, चादरीआड, मीच होतो. नागपूरच्या नोकरीच्या मुलाखतीसाठी मला त्याच दिवशी दुपारची गाडी गाठायची होती.

हेडमास्तरांचं भाषण संपेना. मी चादरीखालून त्यांचं धोतर ओढलं. "साहेब, गाडी जाते ना माही! जाऊ द्या मले."

"चूप बसा, मास्तर. देश पुढे जाऊन राह्यला!"

बाहेर खरी गाडी शिट्टी देऊन सुटली.

"वा! शिट्टीसुद्धा हुबेहूब!" पाहुणे म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्यांचा राग गेला, तोवर मी त्याच शाळेतून निवृत्त झालो होतो.