तारीख पाहायची खिडकी

श्यामकांतकाकांना त्रास झाला तो माझ्या तोंडामुळे. हे मला तेव्हाच कळलं होतं, कबूल करायला मात्र उशीर झाला.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मी कॉम्प्युटर सांभाळायला होते, तेही टेम्पररी. काका चोवीस वर्षं प्लांटवर काढून डिस्पॅचला आलेले. वाफांनी छाती धरली होती. पुन्हा प्लांटवर गेलात तर भरवसा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून ड्रमवरची लेबलं छापायचं, बसून करायचं काम त्यांना मिळालं होतं.

प्लांटवर एकाने व्हॉल्व्ह फिरवला की दुसऱ्याने पाहायचा, असा नियम. काका तो कॉम्प्युटरलाही लावायचे. पडद्यावर कसलीही खिडकी उघडली की तशीच ठेवून मला हाक मारायचे, "मीनल, जरा बघून घे गं, मग बंद करतो."

दिवसातून दहा वेळा! एकदा मी सगळ्यांसमोर खेकसले, "काका, प्रत्येक खिडकीला मला काय बोलावता? काम झालं की ओके दाबायचं, बस."

"बरं," म्हणाले. त्यानंतर त्यांनी कधी हाक मारली नाही. मला तर सुटल्यासारखं वाटलं.

आमच्याकडे शुक्रवारी सुट्टी. ऑगस्टमध्ये एका गिऱ्हाईकाने नोव्हेंबरातली तारीख मागितली. त्या दिवशी शुक्रवार तर येत नाही ना, हे पाहायला काकांनी कोपऱ्यातल्या घड्याळावर डबल क्लिक केलं. कॅलेंडर उघडलं. नोव्हेंबर काढला, वार पाहिला. खाली बटणं, ओके, कॅन्सल वगैरे. कॅन्सल म्हटलं की ऑर्डरच रद्द होईल, ही त्यांना धास्ती. शिवाय काम तर झालं होतं. त्यांनी ओके दाबलं.

ती खिडकी तारीख बघायची नव्हतीच, बदलायची होती. तसं तिच्यावर कुठे लिहिलेलं नव्हतं, तिने एका शब्दाने विचारलंही नाही. कोपऱ्यात दिसते ती नुसती वेळ, त्यामुळे तारीख बदललेली कोणाच्या लक्षात आली नाही. लेबलाचा प्रोग्राम कॉम्प्युटरचीच तारीख उचलायचा. चाळीस ड्रम तीन महिने पुढची तारीख मिरवत गेले आणि तसेच परत आले.

मॅनेजरच्या केबिनमध्ये आम्ही दोघं उभे. "तुम्हाला कोणी सांगितलं ओके दाबायला?"

काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कोणी नाही, साहेब. माझंच चुकलं."

त्या खिडकीत कोणीही फसलं असतं, एवढं तरी मी बोलू शकले असते. पण मग माझं टेम्पररीपण कायमचंच राहिलं असतं. सोमवारपासून काका पुन्हा प्लांटवर.

पुढच्या महिन्यात मला कायम केलं. मी पेढे वाटले. प्लांटवर काकांनाही नेऊन दिला. त्यांनी मास्क खाली ओढला, आधी खोकले, मग पेढा तोंडात टाकला.

"छान झालं गं पोरी," म्हणाले. "आता घरच्यांना काळजी नाही."

त्यांच्या घरच्यांचं काय, हे मी विचारलं नाही.