दाराकडे पाठ

ताई मंगळवारी सकाळी गेली. बुधवारी दुपारी एक बाई दारावर आली आणि ताई आहेत का, असं तिने विचारलं.

घरात माणसं होती. चुलत भाऊ होता, त्याची बायको होती, शेजारून आलेला चहा थर्मासमध्ये होता. भेटीला आलेलं माणूस ताई आहेत का म्हणून विचारत नाही. बाई तिशीची असेल. सलवार-कमीज, खांद्याला कापडी पिशवी, हिंदी जरा वेगळ्या वळणाची. ताई काल गेल्या, असं मी सांगितलं. मग जाते, म्हणाली, पण पायरीवरून हलली नाही. मी तिला आत घेतलं.

नागपुरात हुडकेश्वरच्या या घरात आम्ही दोघी बहिणी राहत होतो. ताई कोर्टात कारकून होती, मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात. निवृत्त झाल्यावर ताईने समोरची खोली दर बुधवारी उघडी ठेवायला सुरुवात केली. घरी मार खाणाऱ्या बाया यायच्या. बाहेर पाटी नव्हती. एकीकडून दुसरीला कळायचं. ताई त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात जायची, कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी घेणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जायची, तारखेच्या दिवशी कोर्टातल्या बाकावर शेजारी बसायची. मी आतल्या खोलीत वाचत असे आणि चहा करत असे. ही आमची वाटणी होती. दोघींनाही ती मानवली होती.

ताईची एक रीत होती. आलेल्या बाईला पहिल्या दिवशी काही विचारायचं नाही, नावसुद्धा नाही. जे सांगायचं ते ती सांगेल. आणि तिला बसवायचं ते दाराकडे तोंड करून. कोण येतंय हे जिला दिसत नाही तिच्या घशाखाली चहा उतरत नाही, असं ताई म्हणायची.

त्या बुधवारी माणसांसाठी खुर्च्या हलवल्या होत्या. मी तिला पंख्याखालच्या खुर्चीत बसवलं. दार तिच्या पाठीमागे आलं. तिने कप हातात धरला, प्यायली नाही. बाहेर फाटक वाजलं की तिचा खांदा उडायचा. तीनदा चारदा असं झालं तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी उठून खुर्ची फिरवली. मग ती चहा प्यायली.

संध्याकाळपर्यंत तिने आपणहून सांगितलं ते इतकं. ती पाकिस्तानातल्या सिंधची. लग्न ठरलं तेव्हा नागपूरला आली. नवऱ्याचं कुटुंब बरंच आधी तिकडून येऊन जरीपटक्यात स्थिरावलेलं होतं. आईवडील अजून तिकडेच. तिचा पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद नवऱ्याच्या कपाटात, कुलूप लावून. हात उचलला की तो म्हणायचा, जा पोलिसात, ते तुला थेट बॉर्डरवर नेऊन सोडतील. शेजारच्या एका म्हाताऱ्या सिंधी आजींनी तिला ताईचा पत्ता दिला आणि स्वतः ऑटोत बसवून दिलं.

ती राहिली. जिथे कुणी गेलेलं असतं त्या घरात सतरंजीवर एक माणूस जास्त झोपलं तर कुणी विचारत नाही. भावजयीला वाटलं ही दवाखान्यात ताईजवळ राहिलेली बाई असावी. तिने तिला आंघोळीला पाणी काढून दिलं.

शनिवारी ताईचा जलदान विधी होता. आम्हा बौद्धांत त्या दिवशी बाया पांढरं नेसतात. ताईच्या कपाटात अशा साड्या घडी करून ठेवलेल्या होत्या. त्यातली एक मी तिला दिली. तिला आपल्यासारखी साडी नेसता येईना, म्हणून शेजारची बाई मदतीला आली. या शेजारणीचा नवरा कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झाला. मोठ्या आवाजाची बाई. निऱ्या घालताना तिने हिच्या दंडावरचे डाग पाहिले. ताईचं लांब बाह्यांचं पोलकं काढून तिने तिला घातलं आणि डोक्यावरून पदर ओढून दिला.

बुद्धमूर्ती आणि ताईचा फोटो दारासमोरच्या भिंतीला मांडला होता. त्यामुळे बसलेल्या सगळ्यांची तोंडं तिकडे आणि पाठी दाराकडे. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया. मी फोटोपाशी बाजूला बसले होते, मला दोन्हीकडचं दिसत होतं. नात्यातल्या बायांपेक्षा मला अनोळखी बायाच जास्त होत्या. काटोलहून एक पहाटेच्या बसने आली होती. एक वकील होती, काळा कोट घरी ठेवून आलेली. त्या ताईच्या बुधवारच्या बाया होत्या. एकमेकींना त्याही ओळखत नव्हत्या.

सिंधची ती मध्ये कुठेतरी बसली होती. पुन्हा दार पाठीमागे आलं होतं आणि ती दर दोन मिनिटांनी वळून बघत होती.

भंतेजींनी त्रिशरण सुरू केलं तेव्हा दोन पुरुष फाटकाशी आले. ते कोण हे मला तिच्याकडे पाहून कळलं. शुक्रवारी तिने आईला आपण बरी आहोत हे सांगायला फोन चालू केला होता. तो फोन कुठे आहे हे नवऱ्याला त्याच्या फोनवर दिसायचं. हे तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. भावाने त्यांना भेटीला आलेले लोक समजून विधी सुरू झालाय, चपला काढा, आत बसा, असं सांगितलं. त्याचं काही चुकलं नाही. कुणालाही त्याने तेच सांगितलं असतं.

ते आत आले आणि पुरुषांच्या मागे बसले. सगळे हात जोडून होते, म्हणून त्यांनीही जोडले. नवरा बायांकडे बघू लागला. त्याच्यासमोर पांढऱ्या पाठी आणि पांढरे पदर होते.

ती वळायला लागली तेव्हा काटोलच्या बाईने आधी वळून पाहिलं. तो माणूस कसा बघतो आहे हे तिला दिसलं असावं. ती बसल्या बसल्या सरकली आणि हिच्या नेमकी मागे येऊन बसली. मग वकीलबाई सरकली. मग आणखी एक, जिला मी आजवर पाहिलं नव्हतं. पंचशील म्हणता म्हणता त्या एकेक करून तिच्या आणि दाराच्या मध्ये येऊन बसल्या. कुणी कुणाला सांगितलं नाही, खूणही केली नाही. तिला पालीतला एक शब्द येत नव्हता, नुसते ओठ हलत होते. पण त्यानंतर तिने वळून पाहिलं नाही.

विधी संपल्यावर सगळ्या फुलं वाहायला एकदम उठल्या. त्या गर्दीतून तिला स्वयंपाकघरात आणि मागच्या दाराने शेजारी कधी नेलं, हे मलाही दिसलं नाही.

नवरा माझ्याजवळ आला. फोनवरचा फोटो दाखवून, ही तुमच्याकडे आली आहे का, असं हिंदीत विचारलं. खोटं बोलणार नाही हे शील मी आत्ताच सगळ्यांबरोबर म्हटलं होतं.

“आज घरात ताईच्या बाया आल्या आहेत,” मी म्हणाले. “मी कुणालाच नाव विचारलेलं नाही.”

हे खरं होतं. तोपर्यंत मला तिचं नाव माहीत नव्हतं.

तो पुढे सरकला तेव्हा शेजारची बाई भाताचं पातेलं घेऊन मध्ये आली. “ताईले कसे ओळखता तुमी, भाऊ?”

कुणाला तरी शोधायला आलोय, असं तो म्हणाला.

“शोधून तं आमी बी राहिलो ना ताईले,” ती म्हणाली. “भेटत नाही. बसा, जेवून घ्या.”

बाया हसल्या नाहीत. त्या त्याच्याभोवती उभ्या राहिल्या, पत्रावळ्या हातात घेऊन, आणि सगळ्या त्याच्याकडे बघत होत्या. त्याच्याबरोबर आलेला मोठा भाऊ तोवर पंगतीत बसला होता आणि वांग्याची भाजी दुसऱ्यांदा मागत होता. नवऱ्याने त्याला दंडाला धरून उठवलं. दोघं गेले. फाटक त्यांनी उघडंच टाकलं.

सोमवारी वकीलबाई आली. तोवर ताईच्या जागी कोण जाणार हा प्रश्न कुणी काढला नव्हता. मी साडी बदलली आणि त्या दोघींबरोबर निघाले. ऑटोत सिंधची ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होती. शेवटी संरक्षण अधिकाऱ्यासमोर बसल्यावर तिने तेच मोठ्याने विचारलं, “मुझे वापस भेज देंगे क्या?”

अधिकारीण तरुण होती. तिने पेन खाली ठेवलं. मार खाल्लेल्या बाईला संरक्षण मागायला इथली नागरिक असावं लागत नाही, इथे राहत असली की पुरे, असं तिने सावकाश हिंदीत सांगितलं. व्हिसाचं पुढे काय हे तिच्या हातात नव्हतं. तेही तिने लपवलं नाही. वकीलबाई म्हणाली, ते मी बघते. मग सिंधची ती सही करायला पुढे झाली. सही तिने सिंधीत केली, उजवीकडून डावीकडे. आम्ही तिघी बघत होतो.

पासपोर्ट आणि कागद कोर्टाच्या आदेशानंतर परत मिळाले. त्यासाठी मी बाकावर बऱ्याच तारखा बसले. बाकावर वाचता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. नाव पुकारतील म्हणून कान तिकडेच असतात. कोर्टातून परत आल्यावर ताई मला आज पुस्तकात काय आलं म्हणून का विचारायची, तेही कळलं. हे आता तिला सांगता येत नाही.

नवऱ्याविरुद्धचा खटला चालू आहे. व्हिसाची मुदत एकदा वाढून मिळाली आहे, पुढची मिळेल की नाही माहीत नाही. ती आता एका औषधांच्या दुकानात काम करते आणि दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहते. देवनागरी तिला मी शिकवली. जोडाक्षरांशी अजून अडखळते.

ताईची ती पांढरी साडी तिच्याकडे आहे, बाकीच्या कपाटात आहेत. समोरची खोली बुधवारी उघडी असते. चहा अजून मीच करते, आणि खुर्चीही मीच मांडते, दाराकडे तोंड करून.